सातव्या कार्डावरची टकटक

बोलतोय मी, पण हात माझे नाहीत. हात एका मुलीचे आहेत आणि ती मुलगी आता नाही.

दचकू नका. मी भूतबित कुणी नाही. मी दहा कार्डांचा एक जुडगा आहे. प्रत्येक कार्डावर एक फोटो, फोटोवर प्लास्टिकचं कडक आवरण, कोपऱ्यात भोक आणि त्या भोकातून ओवलेली एक लोखंडी कडी. एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात काचसामान धुण्याची खोली आहे. तिथे बेसिनच्या वर एका खिळ्याला मी लटकत असतो. माझ्या अंगावर एक शब्दही लिहिलेला नाही. फक्त एक ते दहा आकडे आणि ते हात.

हात लहान आहेत, बोटं आखूड, नखं अगदी मुळाशी कापलेली. डाव्या अंगठ्यावर चिकटपट्टी आहे. दहाही फोटोंत ती चिकटपट्टी आहे, कारण दहाही फोटो एकाच सकाळी काढले आणि त्याच सकाळी एका फाइलच्या पत्र्याने तो अंगठा कापला होता. जखम चार दिवसांत भरली असेल. माझ्या अंगावर ती अजून तशीच आहे.

माझा जन्म कसा झाला ते सांगतो. त्या वर्षी कॉलेजने एक नवं खूळ काढलं होतं. खूळ हा शब्द माझा नाही, विभागप्रमुख सरांचा. ज्या मुलामुलींची समज सावकाश चालते, ज्यांना शाळा संपली की 'आता पुढे काय' या प्रश्नाला घरात बसणं हेच उत्तर मिळतं, त्यांच्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता तो. सकाळी इतर विद्यार्थ्यांच्या वर्गात, त्यांच्याच बाकावर बसायचं. दुपारी कॉलेजातलंच एखादं खरंखुरं काम शिकायचं. दोन वर्षं झाली की बाहेर नोकरी शोधायची.

"अहो, काच आहे ती," सर म्हणाले होते. "फुटेल, लागेल, निस्तरायचं कुणी?"

या मुलांना शिकवणाऱ्या बाई मोठ्या चिवट. त्या म्हणाल्या, "सर, तुमची शहाणी मुलं महिन्याला किती फोडतात ते आधी मोजू या."

मोजलं. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

या खोलीत सगळ्यात आधी आली ती ठकी. ते तिचं घरचं नाव. कागदावरचं दुसरं काहीतरी असणार, पण ते मी कधी ऐकलं नाही. तिचे वडील याच विभागात शिपाई. अख्खं कॉलेज त्यांना मामा म्हणतं, प्राचार्यसुद्धा. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांसाठी बाटल्या भरणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी एक दिवस एप्रन घालून त्याच खोलीत उभी राहिली. मामा त्या दिवशी विनाकारण तीन वेळा फरशी पुसायला आले, असं बाई नेहमी हसून सांगायच्या.

ठकीला वाचता येत नव्हतं, पण चित्र एकदा पाहिलं की ती विसरत नसे. म्हणून बाईंनी मला करायचं ठरवलं. हातमोजे तिला मोठे व्हायचे आणि काच निसटायची. त्यामुळे रसायनांची पहिली धुलाई मामांनी करायची आणि साबणापासून पुढचं काम ठकीने, असं ठरलं. कामाचे टप्पे बाईंनी कागदावर मांडले. पहिला, एप्रन. दुसरा, बेसिनमध्ये साबणाचं पाणी. तिसरा, ब्रश आत घालून घासणं. चौथा, नळाखाली तीनदा खळबळणं. पाचवा, बाटलीतलं शुद्ध पाणी एकदा फिरवणं. सहावा, भांडं खिडकीच्या उजेडात धरून बघणं. काचेवर थेंब चिकटून राहिला तर काच अजून तेलकट आहे; मग मुकाट्याने पुन्हा तिसऱ्यावर जायचं. थेंब नसेल तर सातवा, गरम कपाटाचं दार उघडणं. गरम कपाट म्हणजे काच वाळवायची लोखंडी पेटी, माणसाच्या छातीइतकी उंच. आठवा, भांडी उपडी ठेवणं. नववा, दार लावणं.

झाले नऊ. मग मी दहा कार्डांचा कसा?

बाई मोबाइल घेऊन फोटो काढत होत्या. सहा फोटो झाले. ठकी कपाटापाशी गेली आणि थांबली. तिने मूठ वळली आणि दारावर दोनदा वाजवलं. टक, टक. मग कान देऊन उभी राहिली.

"अगं, उघड ना," बाई म्हणाल्या.

"आधी विचारायचं असतं."

"कपाटाला?"

"आत कुणी असेल तर?"

"कपाटात कोण असणार, ठकी?"

"मग तुम्ही उघडा. मी नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात पलीकडच्या सामानाच्या खोलीतून मामांचा आवाज आला, "या बाईसाहेब, उघडंच आहे!"

ठकी खुद्कन हसली आणि तिने दार उघडलं.

मामा हात पुसत आत आले आणि ओशाळून सांगू लागले. लहानपणी तिला शिकवलं होतं, दार वाजवल्याशिवाय कुणाच्या खोलीत जायचं नाही. तिने ते सगळ्याच दारांना लावून घेतलं. कपड्यांचं कपाट, फ्रिज, रेशनचा डबासुद्धा. आईने वैताग वैताग केला. शेवटी मामांनी यावर तोडगा काढला. तिने वाजवलं की घरात जिथे असतील तिथून ते ओरडायचे, 'या बाईसाहेब, उघडंच आहे.' काम भागायचं.

"बाईसाहेब का?" बाईंनी विचारलं.

"बाळ म्हटलेलं तिला चालत नाही."

खरंच चालत नसे. माणसांची ही एक गंमत मी खिळ्यावरून पाहत आलो आहे. एकवीस वर्षांची मुलगी समोर उभी असते आणि येणारा जाणारा तिला बाळ म्हणतो, गाल ओढतो, तिच्याबद्दल तिच्याच समोर तिसऱ्याशी बोलतो. ठकी अशा प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, "मी बाळ नाही. मी कॉलेजला आहे."

तर बाईंनी त्या वळलेल्या मुठीचाही फोटो काढला. म्हणाल्या, "असू दे. हिच्यासाठी हाही टप्पाच आहे." अशी टकटक सातवी झाली, पुढच्यांचे आकडे एकेकाने सरकले, आणि मी दहा कार्डांचा झालो.

दोन वर्षं आम्ही बरोबर काढली. ठकीचे खरे हात आणि माझ्यावरचे तिचे हात, दोन्ही एकाच वेळी एकच काम करत असायचे. सकाळी ती पहिल्या वर्षाच्या वर्गात पुढच्या बाकावर बसायची आणि समजलं नाही की सरळ उभी राहून म्हणायची, "सर, हे परत सांगा." विद्यार्थी दुपारी भांडी आणून देताना हे किस्से सांगायचे. सुरुवातीला वर्ग हसायचा. मग कळलं की बाकीच्या साठजणांनाही ते समजलेलं नसतं, फक्त विचारायची हिंमत नसते. परीक्षा जवळ आली की मुलंच तिला कोपराने ढोसायची, "ठके, विचार ना."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला नोकरी लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे, तिथे काचसामान धुण्याची. शेवटच्या दिवशी तिने मला खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, नेते बरोबर. पण तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, एकेक कार्ड पुसलं आणि पुन्हा टांगलं.

"मला आता पाठ आहे," ती म्हणाली. "तू दुसऱ्यांना शिकव."

पाच महिने ती तिथे कामाला जात होती. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. लहानपणी शस्त्रक्रिया झाली होती आणि सगळे ते विसरूनही गेले होते. एका सकाळी कामावर निघालेली ठकी बसथांब्याच्या बाकावर बसली आणि उठलीच नाही. बाईंनी हे याच खोलीत येऊन विभागप्रमुख सरांना सांगितलं, तेव्हा नळ चालू होता. बराच वेळ तो कुणी बंदही केला नाही.

मामा दोन आठवड्यांनी कामावर आले. खोलीत आले, भांडी बेसिनमध्ये ठेवली, हात पुसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण पाठ करून उभं राहावं तर समोरच्या खिडकीच्या काचेत मी दिसतो. त्या दिवशी त्यांनी खिडकीची काचही पुसली नाही.

मला कुणी काढून टाकेल असं वाटलं होतं. कुणी काढलं नाही. बाईंच्याने ते झालं नसेल आणि बाकीच्यांना मी म्हणजे खिळ्याला लावलेलं काहीतरी. मी लटकत राहिलो. वाऱ्याने माझी पानं उलटायची. कधी घासणारे हात वर यायचे, कधी नळाखाली धरलेले. रिकाम्या खोलीत, बंद नळाखाली, एका नसलेल्या मुलीचे हात काम करत असायचे. मी निर्जीव वस्तू आहे, मला भीती वाटायचं कारण नाही. पण सातवं कार्ड वर आलं की मीच कान देऊन राहायचो.

मग सुट्टी लागली. विभाग बंद. दुपारी मामा एकटे झाडू मारायला यायचे. एकदा झाडू मारता मारता ते गरम कपाटापाशी थांबले. इकडेतिकडे पाहिलं. मूठ वळली. टक, टक.

आणि वाट पाहत उभे राहिले.

काय ऐकू येईल असं त्यांना वाटलं होतं, देव जाणे. कपाट बंद होतं, थंड होतं, आत चंचुपात्राचा एक तुकडा सोडला तर काही नव्हतं. तरी ते दाराला कान लावून उभे होते. मग झाडू उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अख्खी सुट्टी हे चाललं. हे फक्त मी पाहिलं आहे आणि आज पहिल्यांदा कुणाला सांगतो आहे.

सुट्टी संपली आणि शिडी आली.

शिडी बावीस वर्षांची, भलती उंच आणि त्यामुळे कायम थोडी वाकलेली. हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं, आणि तिला ते आवडायचं, कारण माळ्यावरचं सगळं तिलाच काढता येई. शाळा संपल्यावर तीन वर्षं ती घरात एका खुर्चीत बसून होती. खिडकीजवळची खुर्ची. दादा वाईट नव्हता, पण कॉलेजचं हे सगळं त्याला पटत नव्हतं. पहिल्या दिवशी सोडायला आला तेव्हा बाईंना स्पष्ट म्हणाला, "बघा महिनाभर. नाही जमलं तर घरी आहेच की ती. खायला प्यायला काही कमी नाही."

"मला खुर्ची नको," शिडी म्हणाली. तिचं पहिलं वाक्य ते. पुढेही काही चुकलं की ती तेच म्हणायची, "खुर्ची नको."

बाईंनी तिला माझ्यासमोर उभं केलं. शिडी मला फार बारकाईने पाहायची, इतकं बारकाईने मला कुणी पाहिलेलं नाही. पहिलं कार्ड पाहिलं, एप्रन घातला, आणि मग डावा अंगठा वर करून उभी राहिली.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "लागलं का?"

"पट्टी."

बाईंना काही कळेना. मला कळलं. फोटोतल्या हाताला चिकटपट्टी आहे, तर या हातालाही हवी. त्याशिवाय पुढे कसं जायचं? समजावून झालं, चुचकारून झालं, पण शिडी ढिम्म. घोडं पहिल्याच कार्डावर अडलं. विभागात चिकटपट्ट्यांचा डबा असतो मामांकडे. बाईंनी हाक मारली.

मामा डबा घेऊन आले. ज्याला काही झालेलं नाही असा तो अंगठा त्यांनी हातात धरला आणि नीट, सुरकुती न पडू देता पट्टी लावली. मग माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी पाहिलं. मग डबा घेऊन निघून गेले. त्या दिवसापासून रोज सकाळी शिडी सामानाच्या खोलीच्या दारात अंगठा धरून उभी राहायची आणि मामा रोज पट्टी लावायचे. बाई म्हणाल्या, "मामा, तुम्हाला त्रास होत असेल तर मी लावते." मामा म्हणाले, "असू द्या, सवय आहे."

पट्टीपर्यंत त्यांनी सोसलं.

शिडी दिवसाला एकेक कार्ड शिकत होती. आठवडाभराने सातवं आलं. तिने फोटो पाहिला, कपाटापाशी गेली, वाकली आणि ठकीने वाजवलं होतं त्याच जागी, तितक्याच जोराने वाजवलं. टक, टक.

पलीकडे काहीतरी पडून फुटल्याचा आवाज झाला आणि मामा धावत आत आले.

"आलीस?"

एवढंच म्हणाले. शिडी मूठ वर धरून तशीच उभी. तिने मान डोलावली, कारण ती आलेली तर होतीच. मामांनी दाराची चौकट धरली. बराच वेळ ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि तो दुसऱ्याच कुणाचा चेहरा होता. फुटलेली बाटली गोळा करायची राहिली आहे असं काहीतरी पुटपुटत ते मागे फिरले.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मामा माझ्यापाशी आले. त्यांनी माझी कडी उघडली, सातवं कार्ड काढलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि मला पुन्हा टांगलं. मला त्यांचा राग आला नाही, हे खरं सांगतो. पण माझ्या अंगातून काहीतरी गेलं होतं आणि पुढे काय होणार हे मला त्यांच्याआधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिडी सहाव्या कार्डापर्यंत आली. चंचुपात्र उजेडात धरलं. थेंब नाही. कार्ड उलटलं तर आठ. तिने परत सहा पाहिलं, परत आठ. सात नाही. मग ती उभी राहून विचार करू लागली, आणि तिचा विचार अगदी सरळ होता. सहाव्यानंतर दोनच वाटा: काच स्वच्छ असेल तर सात, नाहीतर परत तीन. सात नाही. म्हणजे काच स्वच्छ नाही.

ती परत तिसऱ्यावर गेली. घासलं, खळबळलं, शुद्ध पाणी फिरवलं, उजेडात धरलं. सात नाही. परत तीन. त्या दुपारी तिने तीच सहा चंचुपात्रं अकरा वेळा धुतली. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली, पट्टी भिजून निघाली, आणि शेवटी ती रडायला लागली. "होत नाही स्वच्छ," ती म्हणत होती. "खुर्ची नको. खुर्ची नको."

बाईंनी कार्ड शोधलं. बेसिनखाली, खिडकीत, कचऱ्याच्या डब्यात. मामांना विचारलं. मामा म्हणाले, "पडलं असेल कुठेतरी." माझ्या जन्मापासून हा माणूस खोटं बोललेला मी ऐकला नव्हता.

मग बाईंनी आठाच्या आकड्यावर कागद चिकटवून सात लिहिलं. शिडीने तो कागद नखाने खरवडून काढला. "हा आठ आहे," ती म्हणाली. बाईंनी आपल्या हाताचा नवा फोटो काढून आणला, मूठ वळलेली. शिडीने तो पाहिला आणि परत दिला, "हा हात वेगळा." हातही वेगळा होता आणि अंगठ्याला पट्टीही नव्हती. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण त्याने काम पुढे सरकत नव्हतं.

आणि गुरुवारी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडम येणार होत्या. ठकीची जागा अजून कायमची भरलेली नव्हती, बदली माणसावर भागत होतं. त्या शिडीचं काम बघणार होत्या आणि जमतंय असं वाटलं तर अभ्यासक्रम संपेपर्यंत ती जागा तिच्यासाठी राखून ठेवणार होत्या. त्यांची अट एकच, काम चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही. दादानेही निक्षून सांगितलं होतं, "गुरुवारी काय ते ठरू दे. नाही झालं तर शुक्रवारपासून घरी. रोज रडून घरी येते, मला बघवत नाही."

गुरुवार आला. मॅडम हातात वही घेऊन भिंतीशी उभ्या. बाई खिडकीपाशी, नखं कुरतडत. दादा दाराबाहेर. सकाळी मामांनी पट्टी लावताना शिडी त्यांना म्हणाली होती, "आज सात सापडेल का?" हे मला कसं कळलं? ती बेसिनपाशी येऊन स्वतःशी तेच म्हणत होती. "मामा म्हणाले बघू. मामा म्हणाले बघू."

तिने सुरुवात केली. एप्रन. साबणाचं पाणी. ब्रश. तीनदा खळबळलं, मोजून. शुद्ध पाणी. उजेडात धरलं आणि काच अशी लख्ख की तिच्यातून समोरची इमारत दिसत होती. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. शिडीने कार्ड उलटलं. आठ. तिने मागे उलटलं. सहा. तिचे खांदे खाली आले आणि तिने ते लख्ख चंचुपात्र परत साबणाच्या पाण्यात घातलं.

बाईंनी डोळे मिटले.

दुसऱ्यांदा सहा. पुन्हा आठ. पुन्हा साबण. मॅडमनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा ती सहाव्यावर आली तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि ओठ हलत होते, खुर्ची, खुर्ची. माझ्यावरचे हात मात्र शांत होते. मेलेल्यांचे हात थरथरत नाहीत. मला त्या क्षणी त्या हातांची लाज वाटली.

सामानाच्या खोलीच्या दारात मामा उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे. खिशावर तळहात दाबून धरला होता, छातीत दुखत असल्यासारखा. मग ते चालत आले. मॅडमच्या समोरून, अट मोडत, सरळ माझ्यापर्यंत. त्यांनी कडी उघडली, खिशातून सातवं कार्ड काढलं आणि सहाच्या मागे ओवलं. कडी लावताना त्यांचं बोट दोनदा निसटलं.

"हे मध्येच काय दिलंत तिला?" मॅडम म्हणाल्या.

"दिलं नाही, मॅडम. मी चोरलं होतं. परत ठेवलं."

शिडीने कार्ड उलटलं. सात. तिने त्या फोटोवर अंगठा ठेवला, पट्टीवर पट्टी. मग भांडी उचलून कपाटापाशी गेली, वाकली, मूठ वळली.

टक, टक.

आणि थांबली. फोटोत थांबणं दिसत नाही. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ती दाराला कान देऊन उभी राहिली, आणि खोलीतलं कुणीही हललं नाही. मी ऐकत होतो. मामा ऐकत होते. सुट्टीतल्या त्या सगळ्या दुपारी जे ऐकू आलं नव्हतं ते आताही आलं नाही. कपाट गप्पच होतं. मग मामांच्या घशातून आवाज निघाला, आधी नुसता खरखरीत, मग शब्द झाला.

"या बाईसाहेब," ते म्हणाले, "उघडंच आहे."

शिडीने दार उघडलं. भांडी उपडी ठेवली, दार लावलं, आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, "झालं!" दहावं कार्ड तिला पाहावंही लागलं नाही.

मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, "आमच्याकडे कपाट उघडण्याआधी सगळे टकटक करतात. नवी माणसं विचारतात कशाला, तर कुणाला धड सांगता येत नाही. ठकी गेल्यावरही थांबलं नाही ते." मग शिडीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही कधीपासून येऊ शकाल?"

तुम्ही. शिडीने आधी मागे वळून पाहिलं, आणखी कुणाला विचारतायत का म्हणून. दाराबाहेर दादा उभा होता. त्याने नाक पुसलं. ती खुर्ची त्याने पुढच्या आठवड्यात कॉलेजला देऊन टाकली. बाई तिच्यावर बसून हजेरी घेतात.

याला आता चार वर्षं झाली. माझ्या चौथ्या कार्डाचा कोपरा सुटला आहे आणि तिथून आत पाणी शिरलं आहे. नळाखाली धरलेला तो हात मनगटापासून विरघळत चालला आहे. आता बोटंच उरली आहेत. तिसऱ्यावर पिवळा डाग आहे. ठकी दुसऱ्यांदा जाते आहे, आणि यावेळी फार सावकाश जाते आहे, रोज थोडी थोडी. ती पूर्ण गेली की मी नुसतं प्लास्टिक उरेन. बाई म्हणतात, नवे फोटो काढू. काढावेत. पण तोवर मी माझं काम करतो.

गेल्या महिन्याच्या अखेरीस मामा निवृत्त झाले. शेवटच्या दुपारी ते या खोलीत आले. बाईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, सातवं कार्ड तुम्ही घेऊन जा, आम्ही दुसरं करू. मामा माझ्यासमोर उभे राहिले, ते कार्ड उलटून वर आणलं, त्या मुठीवरून बोट फिरवलं आणि मला तसंच सोडून दिलं. जाता जाता गरम कपाटापाशी थांबले. सवयीने मूठ वळली.

टक, टक.

ते वाट पाहत नव्हते. हात खाली घेऊन ते निघालेही होते. बेसिनपाशी यंदाची नवी मुलगी ब्रश घेऊन पाठमोरी उभी होती. ठकीला तिने कधी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षीच्यांनी तिला शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. तिने मान वळवली नाही, हातही थांबवला नाही.

"या," ती म्हणाली, "उघडंच आहे."

मामा दारात तसेच उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि एखाद्याच्या घरात शिरावं तसे खोलीत परत आले.

माझं एवढंच मागणं आहे. माझी पानं कोरी पडली की मला खुशाल फेकून द्या. पण एखाद्या रिकाम्या खोलीत, बंद कपाटावर कुणी टकटक केली, तर आत कोण आहे म्हणून हसू नका. जवळपास असाल तर उत्तर द्या.